डोंगर रद्दीचा चालेल, रूळ नाही!

मॉडेल रेल्वे म्हणजे पैसेवाल्यांचा शौक, असं हॉस्टेलवरच्या बहुतेक पब्लिकचं मत आहे. इंपोर्टेड इंजिनाची किंमत ऐकली की ते खोटंही वाटत नाही. पण म्हणून डोंगर, बोगदे, स्टेशनसुद्धा तयार किटमधून आणायचे? मला पटत नाही. आणि 'सगळंच जुगाडावर उरकू' हेही पटत नाही. कुठं वाचवायचं आणि कुठं नाही हे ठरवणं, यालाच तर इंजिनिअरिंग म्हणतात ना!

डोंगराचंच घ्या. लहानपणी दिवाळीत किल्ला केलेल्यांना ही विद्या येतेच. तिथं दगडविटांवर गोणपाट टाकून चिखल लिंपायचो, इथं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, आत रद्दीचे बोळे आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेलं जुनं सुती कापड. झाला सह्याद्री! थर्माकोलची नवी शीट आणायची गरज नाही, सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. गवताला रंगवलेला लाकडाचा भुसा. मातीला मेसच्या चहाचा चोथा, तोही धुऊन कडकडीत वाळवलेला, नाहीतर बुरशी आणि मुंग्या एकदमच येतील.

खडीसाठी क्रशरची कच चाळून घ्यावी, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवाच. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे कण असतात. ते इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला चिकटले, की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च अंगावर.

आता जिथं हात आखडू नये त्या तीन गोष्टी. पहिली रूळ. पितळी रूळ स्वस्त पडतात, पण त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर वीज नीट जाऊ देत नाही. गाडी अडखळते आणि आपण रूळ घासत बसतो. निकेल सिल्व्हरचे घ्यावेत (नावात चांदी आहे, धातूत नाही!). दुसरी वायर. टेलिफोनच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या वायरीतून एक अँपिअर पाच मीटरवर नेऊन परत आणला, तर सुमारे पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जातो. बारा व्होल्टच्या गाडीला हे परवडत नाही. घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली, तर घट त्याच्या आठव्या हिश्शाइतकी. तिसरी पाया. प्लायवूड दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूला रंग लावला, तर पावसाळ्यात दुसरी बाजू दमट हवा पिते आणि बोर्ड वाकतो.

सगळ्यात स्वस्त मटेरियल मात्र कागद-पेन्सिल. समजा आपल्या बोर घाटासारखा १:३७ चा चढ करायचाय आणि एचओ स्केलमध्ये (१:८७) एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला ७५ मिमी उंची हवी. लांबी लागेल ७५ × ३७ म्हणजे जवळजवळ २.८ मीटर. आठ फुटी प्लायवूड भरतं २.४४ मीटर! सरळ चढ बसणारच नाही, वळण घ्यावं लागेल. हे करवत चालवण्याआधी फुकटात कळतं.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीनं लिहायचं कारण वेगळंच आहे. कॉलेजांतल्या टेक्निकल इव्हेंट्सना ग्रुपची वर्गणी ठरते आणि ज्याला ती झेपत नाही तो 'मला वेळ नाही रे' म्हणून बाजूला होतो. बऱ्याचदा त्याच्याच हाताला करवत आणि सोल्डरिंगची खरी सवय असते. मॉडेल महाग झालं की पहिला बाहेर पडतो तो हा मुलगा. नुकसान त्याचं होतंच, मॉडेलचंही होतं.

म्हणून दोन मागण्या. वर्कशॉपमधले प्लायचे तुकडे, वायरीचे शिल्लक बिट भंगारात जाण्याआधी एका पेटीत ठेवून ती विद्यार्थ्यांना खुली करावी. सरांनी एवढं मनावर घ्यावंच. आणि प्रदर्शनात प्रत्येक मॉडेलशेजारी खर्चाचा तक्ता लावावा, मार्क देताना परीक्षकांनी तोही बघावा. १९९८ साली कोथरूडमध्ये सुरू झालेलं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघून हरखणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हरखून झालं असेल, तर आता खोलीतली रद्दी बाहेर काढा आणि ज्याला वेळ नव्हता त्याला आधी बोलवा.