सॉफ्टवेअरमध्ये जिन्याची मर्यादा बदलली की जागा वाचते, पण पुढे काय होतं?

छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी वसाहतींत २० बाय ३० फुटांच्या प्लॉटवर घर बांधायचं म्हटलं की पहिली ओढाताण जिन्यावरून होते. हॉल मोठा हवा, गाडी लावायला जागा हवी. मग कात्री लागते ती जिन्याला. हल्ली ही कात्री कॉम्प्युटरवर, एक आकडा बदलून चालवता येते.

हे नेमकं होतं कसं?

रेव्हिट, आर्किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जिना काढताना काही मर्यादा ठरलेल्या असतात. पायरीची उंची, म्हणजे रायझर, जास्तीत जास्त किती? पाय ठेवायची जागा, म्हणजे ट्रेड, कमीत कमी किती? जिन्याची रुंदी किती? मजल्याची उंची दिली की पायऱ्यांची संख्या सॉफ्टवेअरच काढतं. मर्यादा मोडली तर इशारा येतो. पण मर्यादाच सैल केली तर इशारा येत नाही.

मग मर्यादा बदलणं चूक आहे का?

नाही, अनेकदा ती बदलावीच लागते. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींसाठी रायझर ७ इंच आणि ट्रेड ११ इंच असा नियम आहे. तोच आकडा इथल्या घराला लावला तर जिना विनाकारण लांबतो. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार घरातल्या जिन्याचा रायझर १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि ट्रेड २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. शाळा, हॉटेल, सभागृह अशा ठिकाणी हेच आकडे १५० आणि ३०० आहेत. महापालिकेची परवानगी घेताना राज्याची २०२० मध्ये मंजूर झालेली यूडीसीपीआर ही नियमावली पाळावी लागते.

हिशोब करून बघू

स्लॅब ते स्लॅब उंची ३ मीटर धरा. १९० च्या मर्यादेत १६ रायझर बसतात. वरची शेवटची पायरी म्हणजे स्लॅबच, म्हणून ट्रेड १५. सरळ जिन्याची लांबी झाली ३.७५ मीटर.

आता मर्यादा रायझरला २२५ आणि ट्रेडलाही २२५ करा. रायझर होतात १४, ट्रेड १३ आणि लांबी २.९३ मीटर. म्हणजे जवळपास पावणेतीन फूट वाचले. पण जिन्याचा चढ ३७ अंशांवरून ४४ अंशांच्या आसपास गेला. स्क्रीनवर हा फरक डोळ्यांत भरत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला, लेकराला कडेवर घेऊन उतरणाऱ्या आईला तो रोज जाणवतो.

एवढं गंभीर का घ्यायचं?

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे शहरातल्या छावणी भागात कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा धुरामुळे मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा दोष जिन्यावर टाकता येत नाही. पण खाली दुकान आणि वर घर अशा इमारती शहरात गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना बाहेर पडायला एकच जिना असतो. धुरात, अंधारात उतरताना पायरी दिसत नाही, पाय अंदाजानेच पडतो. तेव्हा जिना अरुंद असेल, उभा असेल किंवा पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असतील, तर तोल जायला वेळ लागत नाही.

नकाशा पास झाला म्हणजे जिना बरोबर झाला?

तसं नाही. छाननीत तपासला जातो तो नकाशातला जिना. सेंटरिंग लावताना मिस्त्रीने जागेवर पायरी वाढवली किंवा फरशीच्या जाडीमुळे पहिली-शेवटची पायरी बदलली, तर ते नकाशात येत नाही. २०२१ मध्ये कायदा बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामं नियमित करायची वाट मोकळी झाली. कागद नियमित झाला, तरी उभा जिना उभाच राहतो.

म्हणून घर बांधणाऱ्याने आर्किटेक्टला एवढंच विचारावं : रायझर किती, ट्रेड किती, हे आकडे कोणत्या नियमातून घेतले? आणि काँक्रीट ओतण्याआधी सेंटरिंगवर टेप लावून प्रत्येक पायरी मोजावी. तोपर्यंत चूक फळी हलवून सुधारते. नंतर जिना फोडावा लागतो.