गणित रक्तात असते? ज्या परीक्षेने हा समज रुजवला, तिचीच उलटतपासणी

१/ “गणित रक्तातच असावे लागते.” निकालाच्या दिवशी घराघरांत हे वाक्य उच्चारले जाते आणि एखाद्या मुलाची वा मुलीची वाट तिथेच बंद होते. या वाक्याला शास्त्राचा अंगरखा कोणी चढवला आणि त्यासाठी कोणता पुरावा वापरला, याचा हा थ्रेड.

२/ साल १८६९. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाचे ‘हेरिडिटरी जीनियस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बुद्धिमत्ता वंशपरंपरेने येते आणि माणसामाणसांतील अंतर निसर्गानेच आखलेले असते, हा त्याचा सिद्धांत. याच गाल्टनने पुढे १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. त्या शब्दाने विसाव्या शतकात काय केले, ते सर्वज्ञात आहे.

३/ हे अंतर किती मोठे असते, हे दाखवण्यासाठी गाल्टनने निवडली केंब्रिजची ‘ट्रायपॉस’ ही गणिताची परीक्षा. तिच्यात पहिल्या वर्गात येणारे ते ‘रँग्लर’ आणि त्यांत पहिला येणारा ‘सीनियर रँग्लर’. निकाल गुणानुक्रमे जाहीर होई आणि पहिल्या क्रमांकाचा मान आयुष्यभर नावाला चिकटून राही.

४/ गाल्टनचे आकडे असे : एका वर्षी सीनियर रँग्लरला ७,५०० हून अधिक गुण. शेवटच्या रँग्लरला सुमारे १,५००. मानाच्या यादीतील अखेरच्या विद्यार्थ्याला ३०० हून कमी. यावरून त्याने निष्कर्ष काढला की, शेवटच्या रँग्लरची योग्यता पहिल्याच्या एक पंचमांशाहूनही कमी. सर्वांनी सारखाच अभ्यास केलेला असतो. मग उरलेला फरक जन्माचा नाही तर कशाचा?

५/ पहिली चूक इथेच. ट्रायपॉस ही घड्याळाशी लावलेली शर्यत होती. ठरावीक वेळात जितकी उदाहरणे सुटतील तितके गुण. ज्याचा हात सरावाने बसलेला, तो पाचपट उदाहरणे सोडवी. गुण पाचपट म्हणून बुद्धी पाचपट, हे अनुमान गणिताच्याच कसोटीवर टिकत नाही.

६/ दुसरी चूक अधिक गंभीर. ‘सर्वांनी सारखाच अभ्यास केला’ हे विधान मुळात खोटे होते. ट्रायपॉसची खरी तयारी विद्यापीठाच्या व्याख्यानांत होतच नसे. ती होई खासगी शिक्षकांच्या खोल्यांत, वेगळे शुल्क भरून. विल्यम हॉपकिन्स या एकाच शिक्षकाच्या हाताखालून १७ सीनियर रँग्लर बाहेर पडले. त्याचा वारसदार एडवर्ड राउथ याने पंचवीसहून अधिक घडवले.

७/ राउथची पद्धत कोणती? निवडक विद्यार्थ्यांचे लहान वर्ग, नेमाने गृहपाठ, दर आठवड्याला प्रश्नपत्रिका आणि तिचे गुण सर्वांसमोर. तालमीत मल्ल घडवावा, तसा तिथे रँग्लर घडवला जाई. कोणी म्हणेल, हुशार मुलेच राउथकडे जात. खरे आहे. पण मग त्या हुशारांनाही राउथवाचून परीक्षेला बसण्याचे धाडस का होत नव्हते? उपजत देणगी पुरेशी असती, तर तालमीची फी कोणी भरली असती?

८/ गाल्टनला हे ठाऊक नव्हते असे नाही. तो स्वतः केंब्रिजला हॉपकिन्सकडे शिकला होता. मध्येच प्रकृती ढासळली, मानाची परीक्षा सोडावी लागली आणि १८४४ मध्ये त्याला साधी पदवी घेऊन बाहेर पडावे लागले. शिकवणीचा तो कारखाना आतून पाहिलेल्या माणसाने पुस्तकात मात्र त्या कारखान्याचे श्रेय निसर्गाच्या खात्यावर मांडले.

९/ तिसरी चूक : गाल्टनच्या तक्त्यात होते कोण? केवळ पुरुष. स्त्रियांना ही परीक्षा देण्याचा हक्क मिळाला तो १८८१ मध्ये. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८९० मध्ये, न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटचा निकाल जाहीर झाला : ‘सीनियर रँग्लरच्या वर’. तरीही तो मान तिला मिळाला नाही, कारण स्त्रियांना क्रमवारीत स्थानच नव्हते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यासाठी १९४८ साल उजाडले.

१०/ गाल्टनच्या त्याच पुस्तकात वंशांची प्रतवारी लावणारे एक प्रकरणही आहे. पुढे तीस वर्षांनी, १८९९ मध्ये, सीनियर रँग्लरचा मान विभागून मिळवणाऱ्यांत एक नाव होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. कोकणात दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा. हा मान मिळवणारा पहिला भारतीय.

११/ इथे आपल्याकडचे गाल्टन जागे होतात. “परांजपे ना? मग जातीतच आहे ते!” पण मुर्डी ते केंब्रिज या वाटेवरच्या पायऱ्या मोजाव्यात. नात्यातले धोंडो केशव कर्वे, पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे. त्यांचा आधार. मग फर्ग्युसन कॉलेज. मग सरकारी शिष्यवृत्ती. मग सेंट जॉन्स कॉलेज. यांतली एक पायरी निखळली असती, तर तेच रक्त मुर्डीतच राहिले असते आणि ‘रँग्लर’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला नसता.

१२/ आणि ज्यांच्या वाट्याला पहिली पायरीच आली नाही, त्यांचे काय? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, ती याच प्रश्नासाठी. ज्यांना पिढ्यानपिढ्या पाटीच हाती दिली नाही, त्यांच्या रक्तात गणित नाही असे म्हणणे, म्हणजे विहिरीवर येऊ न देता वर ‘यांना तहानच नसते’ असा निवाडा देणे.

१३/ शेवटी हुकमाचे पान म्हणून रामानुजन पुढे केले जातात. ती प्रतिभा असामान्य होतीच. पण सुमारे पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्या हाती आलेले आणि त्यांनी पिंजून काढलेले पुस्तक कोणते? जॉर्ज कार यांचे, हजारो सूत्रांचे संकलन. हे कार होते ट्रायपॉसच्या विद्यार्थ्यांची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक, आणि पुस्तकाचा पाया त्याच शिकवणीची टिपणे! केंब्रिजच्या तालमीची माती अशी कुंभकोणमला पोहोचली होती.

१४/ सर्व मुले सारखीच जन्मतात, असा याचा अर्थ नाही. कोणाला आकड्यांची गोडी लवकर लागते, कोणाला उशिरा. प्रश्न एवढाच आहे की, परीक्षेतील गुणांवरून जन्माचा निकाल लावता येतो का? १८६९ मध्ये तो लावला गेला, आणि ज्या परीक्षेला साक्षीला उभे केले, तिनेच १८९० आणि १८९९ मध्ये साक्ष फिरवली.

१५/ म्हणून यापुढे कोणी ‘रक्तात असावे लागते’ म्हणाले, तर एकच प्रश्न विचारावा : त्या मुलाला राउथ मिळाला होता का? कर्वे मिळाले होते का? निदान एखादे जुने पुस्तक तरी? उत्तर ‘नाही’ असेल, तर नापास कोण झाले, हे पुन्हा तपासावे लागेल.