गुरू माणूस की ग्रंथ? पंजाबातला वाद आणि आपण

पंजाबातल्या एखाद्या डेऱ्याची बातमी आली की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन ठरलेले निकाल लागतात. एक जण लिहितो, "बुवाबाजी आहे, अंधभक्त आहेत, सोडा." दुसरा लिहितो, "शिखांमध्येही जातच आहे, बाबासाहेबांनी तिकडे न जाऊन बरंच केलं." दोन्ही निकाल सोपे आहेत. पण दोन्हींत पंजाबातला आपला माणूस कुठेच दिसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती जवळपास ३२ टक्के आहेत, देशात सर्वाधिक. कांशीरामजी याच मातीतले, रामदासिया शीख घरातले. तिथला दलित माणूस गुरू ग्रंथ साहिबसमोर माथा टेकतो आणि डेऱ्यातल्या हयात संतासमोरही टेकतो. या दोन नमस्कारांवरून पंजाबात माणसं मारली गेली आहेत. म्हणून हा वाद नेमका कशाचा आहे ते आधी समजून घेऊ.

वादाचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. १७०८ साली नांदेडला, गोदावरीकाठी, गुरू गोविंद सिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा संपवली आणि यापुढे ग्रंथ हाच गुरू असं ठरवलं, ही बहुसंख्य शिखांची श्रद्धा. त्यांच्या लेखी गुरू ग्रंथ साहिब ही नुसती पोथी नाही, तो हयात गुरू आहे. पहाटे त्याचा प्रकाश करतात, त्याच्यावर चवरी ढाळतात, रात्री त्याला विसावायला नेतात. २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही गुरू ग्रंथ साहिब ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, असा निकाल दिला.

हा निर्णय किती मोठा होता हे त्याआधीचा इतिहास पाहिल्यावर कळतं. दहाही गुरू खत्री. चौथ्या गुरूंपासून गादी सोढी घराण्यातच राहिली. प्रत्येक पिढीत भाऊबंदकी, प्रत्येक पिढीत एखादा नाराज भाऊ वेगळी गादी मांडून बसलेला. १६६४ मध्ये आठवे गुरू वारले तेव्हा बकाला गावात बावीस जण 'मीच गुरू' म्हणून बसले होते, असं शीख परंपराच सांगते. गुरू गोविंद सिंगांनी गादीच काढून टाकली. आता वारस कोण, हा प्रश्नच उरला नाही. आणि ज्या ग्रंथाला गुरुपद मिळालं त्यात १६०४ पासूनच रविदासांची चाळीस पदं होती, कबीर होते, आपले नामदेव होते, सैन न्हावी होते, सदना कसाई होते. (आपला चोखोबा मात्र त्यात नाही.) म्हणजे ज्या ग्रंथापुढे जाट जमीनदार वाकतो, त्यात एका चांभाराचे शब्द आहेत. हिंदू धर्मशास्त्रात अशी जागा आपल्याला कुणी दिली होती का?

पण सगळ्यांनाच हा निर्णय मान्य नव्हता. नामधारी, ज्यांना कूका म्हणतात, त्यांचं म्हणणं असं की गुरू गोविंद सिंग नांदेडला वारलेच नाहीत. ते अजापाल सिंग या नावाने पुढे शंभरेक वर्षं जगले आणि त्यांनी गादी बालक सिंगांना दिली. त्यांच्यानंतर राम सिंग, जातीने सुतार. शेतकरी आणि कारागीर जातींमध्ये या राम सिंगांनी हुंडा, बालविवाह, खर्चिक लग्नं यांविरुद्ध मोठं काम उभं केलं. १८७२ साली इंग्रजांनी मालेरकोटल्यात साठहून अधिक कूक्यांना तोफेच्या तोंडी दिलं आणि राम सिंगांना रंगूनला धाडलं. नामधारी ग्रंथ साहिबला मानतात, पण हयात सद्गुरूही मानतात. राधास्वामींच्या ब्यास डेऱ्यात तर ग्रंथाची स्थापनाच नाही, सगळं हयात सद्गुरूंकडून मिळणाऱ्या नामावर चालतं.

निरंकाऱ्यांच्या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ होतो. रावळपिंडीच्या बाबा दयाल यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेला निरंकारी पंथ वेगळा, तो ग्रंथ साहिबच्या मर्यादेतच राहिला. मुंबई-ठाण्यात ज्यांचे समागम भरतात ते संत निरंकारी मिशन १९२९ चं. ते स्वतःला शीख पंथ म्हणवतच नाही, हयात सद्गुरू मानतं आणि त्याची स्वतःची अवतार बाणी आहे. १९७८ च्या वैशाखीला अमृतसरमध्ये याच मिशनच्या समागमाला विरोध करायला गेलेले १३ शीख मारले गेले. दोन वर्षांनी मिशनचे प्रमुख गुरबचन सिंग यांची दिल्लीत हत्या झाली. पंजाबातल्या पुढच्या रक्तपाताची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच मानतात.

आता आपल्या माणसांकडे येऊ. जालंधरजवळ बल्लां गावात डेरा सचखंड आहे. तो रविदासियांचा आहे, गादीवरचे संतही त्याच समाजातले. अनेक वर्षं तिथे गुरू ग्रंथ साहिबचाच पाठ होत असे. मुख्य प्रवाहातल्या शिखांचा आक्षेप दोन गोष्टींना होता. रविदासांना 'भगत' न म्हणता 'गुरू' म्हणतात, ही एक. आणि ग्रंथ साहिबच्या उपस्थितीत हयात संतांच्या पाया पडतात, ही दुसरी. २४ मे २००९ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाच्या रविदास गुरुद्वाऱ्यात सशस्त्र हल्ला झाला. संत रामानंद मारले गेले, गादीवरचे संत निरंजन दास जखमी झाले. त्या रात्रीपासून जालंधर पेटलं, संचारबंदी लागली. आठ महिन्यांनी, ३० जानेवारी २०१० ला, रविदास जयंतीच्या दिवशी वाराणसीच्या सीर गोवर्धनपूरमधून वेगळ्या रविदासिया धर्माची घोषणा झाली. ग्रंथही वेगळा, फक्त रविदासांच्या वाणीचा: अमृतबाणी गुरू रविदास.

इथे थांबून विचार करायला हवा. ज्यांचे शब्द ग्रंथ साहिबमध्ये चारशे वर्षांहून अधिक काळ आहेत, त्यांच्याच लेकरांना वेगळा ग्रंथ का करावासा वाटला?

त्याचं उत्तर गावात आहे. पंजाबच्या कितीतरी गावांत जाटांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबींचा वेगळा, रविदासियांचा वेगळा. स्मशानंसुद्धा वेगळी. जालंधरजवळच्या तल्हण गावात दलितांनी तिथल्या धर्मस्थळाच्या समितीत जागा मागितली. देणग्या सगळ्यांच्या, मग कारभार ठरावीक जातींचाच का, एवढाच त्यांचा सवाल होता. उत्तर म्हणून २००३ मध्ये त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार पडला, आणि जूनमध्ये दंगल. गंमत बघा, रविदास ग्रंथात चालतात, रविदासिया समितीत चालत नाही.

उलट बाजूचा एक प्रसंगही आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवा. १२ ऑक्टोबर १९२० ला नुकतेच अमृत घेतलेले अस्पृश्य समाजातले शीख कडाह प्रसाद घेऊन सुवर्ण मंदिरात गेले. पुजाऱ्यांनी प्रसाद घ्यायला नकार दिला. वाद वाढला, तेव्हा ग्रंथ साहिबचाच कौल घ्यायचं ठरलं. ग्रंथ उघडला, जे पान निघालं ते वाचलं, आणि ते दलितांच्या बाजूचं निघालं. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. जमाव अकाल तख्ताकडे वळला तर तिथले पुजारी जागा सोडून निघून गेले. महिन्याभरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. म्हणजे आज जी संस्था मुख्यतः जाट शिखांच्या हातात आहे, तिच्या जन्माची ठिणगी दलितांच्या प्रसादाच्या थाळीतून पडली.

हा प्रसंग मी महत्त्वाचा मानतो तो चमत्कार म्हणून नाही. दुसरं एखादं पान निघालं असतं तर? ग्रंथ उघडा होता, तो सगळ्यांसमोर वाचला गेला आणि त्याचा अर्थ जमलेल्या लोकांनी लावला, म्हणून पुजारी हरले. तोच ग्रंथ बंद करून समितीच्या ताब्यात गेला की तल्हण घडतं. ग्रंथ स्वतःहून कुणाची बाजू घेत नाही. तो कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं.

मग डेऱ्याने काय दिलं? मान दिला. बसायला बरोबरीची पंगत दिली. बल्लांच्या डेऱ्याने रुग्णालय बांधलं, मुलांना शाळा दिल्या, आणि "आम्ही रविदासिये" असं छाती काढून म्हणायला शिकवलं. १९२६ मध्ये मंगूराम मुगोवालिया यांनी आद धर्माची चळवळ सुरू केली. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून जास्त लोकांनी आपला धर्म 'आद धर्म' लिहवला. ती राजकीय चळवळ ओसरल्यावर जी भूक उरली ती डेऱ्यांनी भागवली. याला नुसतं अंधश्रद्धा म्हणणारा माणूस गावात कधी राहिलेला नाही.

पण मान देणारा हात कुणाचा आहे, तेही विचारलंच पाहिजे. ब्यासच्या गादीकडे बघा. सावन सिंगांचे नातू चरण सिंग, मग त्यांच्याच नात्यातले गुरिंदर सिंग. सत्संगात हजारो दलित, गादीवर जाट घराणं. सिरसाचा डेरा सच्चा सौदा दलित अनुयायांच्या गर्दीवर उभा राहिला, त्या गर्दीच्या मतांसाठी सगळे पक्ष दारात उभे राहिले. तिथल्या अत्याचाराबद्दल एका साध्वीने निनावी पत्र लिहिलं. ते छापणाऱ्या रामचंद्र छत्रपती या पत्रकारावर २००२ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. गुरमीत राम रहीमला बलात्काराबद्दल दोषी ठरवायला २०१७ उजाडलं. हयात गुरूचा धोका हाच. ग्रंथाचा अर्थ चुकीचा लावला तर दुसरा माणूस तेच पान उघडून दाखवू शकतो. हयात गुरूचा शब्द चुकला तर कोणतं पान उघडणार?

बल्लांची गोष्ट सिरशासारखी नाही, हे स्पष्ट सांगतो. तरी वेगळ्या ग्रंथाच्या निर्णयावर रविदासियांमध्येच दोन मतं आहेत. परदेशातल्या अनेक रविदास सभांनी ग्रंथ साहिब काढायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, आपल्या गुरूची वाणी त्यात आहे, आपण का उठून जायचं? दुसरे म्हणतात, ज्या ग्रंथाच्या नावाने आमच्या संतांवर गोळ्या चालल्या तो आम्ही किती दिवस डोक्यावर घ्यायचा? मला दुसऱ्यांचा संताप पटतो, पहिल्यांचा युक्तिवाद जास्त पटतो. नव्या ग्रंथात रविदास आहेत, पण शेजारचे कबीर आणि नामदेव सुटले. आणि हयात संतांची गादी तशीच राहिली. ग्रंथ बदलला, गुरूचा प्रश्न जागेवरच.

बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. शीख धर्माचा विचार त्यांनी गंभीरपणे केला होता, एप्रिल १९३६ मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेला ते स्वतः गेले होते. शेवटी ते बुद्धाकडे वळले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी ठळकपणे मांडलेली एक गोष्ट अशी, की बुद्धाने स्वतःला धम्मात विशेष स्थान घेतलं नाही आणि वारसही नेमला नाही. धम्म हाच वारस. नांदेडच्या निर्णयाशी याचं नातं उघड आहे. पण बुद्ध एक पाऊल पुढे गेला. त्याने स्वतःचे शब्दही तपासून घ्यायला सांगितले. चवरी ढाळायला ना माणूस ठेवला, ना ग्रंथ.

आणि आपण? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आज आपल्या प्रत्येक गटाचा एक 'साहेब' आहे. त्याने युती केली की तत्त्वज्ञान, मोडली की तेही तत्त्वज्ञान. प्रश्न विचारणारा कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून काढला जातो. बाबासाहेबांचे खंड विहारातल्या कपाटात कुलपात आहेत आणि किल्ली अध्यक्षांकडे. शीख समाज निदान ग्रंथ रोज उघडतो तरी. पंजाबातल्या भक्ताला हसण्याआधी ते कपाट उघडून घ्या.

पंजाबात आणखी एक लढाई चालू आहे, जिच्यात गुरू आणि ग्रंथ दोघेही गप्प आहेत. कायद्याने गावच्या शामलात जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा अनुसूचित जातींना खंडाने द्यायचा असतो. वर्षानुवर्षं लिलावात दलिताचं नाव पुढे करून जमीन जाट शेतकरीच कसत आला. संगरूर जिल्ह्यातल्या बालद कलां गावच्या दलितांनी, त्यात बायका आघाडीवर, २०१४ पासून लाठ्या आणि खटले झेलत तो हिस्सा मिळवला. त्या गावांत ग्रंथ साहिबला मानणारे आहेत, डेऱ्याला जाणारे आहेत, जय भीम म्हणणारेही आहेत. लिलावाच्या दिवशी ते एकत्र बसले.

दरवर्षी रविदास जयंतीला जालंधरहून वाराणसीला बेगमपुरा नावाची खास गाडी जाते. आपल्यातल्या चार-पाच जणांनी पुढच्या वर्षी त्या गाडीत बसावं. बालद कलांच्या एखाद्या बाईने सोबत यावं म्हणून तिला आधी पत्र लिहावं. रात्रभराच्या प्रवासात विचारायला प्रश्न पुष्कळ आहेत, आणि त्यांचेही आपल्यासाठी असतील.

जय भीम.