वही कुठे ठेवली?

वर्गात मी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आलो. पाठ्यपुस्तक वेगळं, वही वेगळी. पुस्तक छापून आलेलं, त्यात खरडायचं नाही. वही तुमची. पुस्तकाची नवी आवृत्ती आली म्हणून कुणी मुलांच्या वह्या रद्दीत घालत नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी काहींना मात्र हे कुणी शिकवलंच नसावं!

2009 मधली गोष्ट. आमच्या वाचनालयाची यादी मी एका छोट्या प्रोग्रॅममध्ये भरत होतो. संगणकावर विंडोज व्हिस्टा. चार महिन्यांत अकराशे पुस्तकं झाली. प्रत्येकापुढे ते कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ दिलं, तेही लिहिलं. आमचे जुने ग्रंथपाल शेजारी बसून आठवून आठवून सांगत. पुढे मशीन फॉरमॅट करायचं ठरलं. मी शहाणपणाने प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घेतलं. नंतर परत टाकलं, उघडलं.. यादी कोरी! ग्रंथपाल तोवर गेले होते.

काय झालं ते भाच्याने समजावलं. प्रोग्रॅम आपली यादीची फाइल स्वतःच्या शेजारीच, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवत होता. एक्सपीवर बहुतेक जण अ‍ॅडमिन म्हणूनच बसायचे, तेव्हा ते खपून गेलं. 2007 मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने त्या जागेला कुलूप घातलं. पण जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून त्यांचं लिखाण तो गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवायचा. तेही लपवलेल्या 'अ‍ॅपडेटा'च्या पोटात, आणि प्रत्येक वापरकर्त्याचं निराळं. प्रोग्रॅमला वाटे, आपण नेहमीच्याच जागी लिहितोय. मलाही तसंच वाटे. मी जपून नेली ती पहिल्या दिवशी सेटअपने ठेवलेली कोरी वही!

व्हिस्टाला नावं ठेवणं सोपं आहे. पण मूळ चूक पुस्तकातच वही शिवणाऱ्याची. लिनक्सवाल्यांनी तर 1994 मध्येच कुठली फाइल कुठे ठेवायची याचे लेखी नियम केले होते. प्रोग्रॅम एकीकडे, बदलती माहिती दुसरीकडे, माणसाचं स्वतःचं 'होम'मध्ये.

काही जण म्हणतात, सगळं एकाच फोल्डरमध्ये असलं की उचलून न्यायला सोपं. पेन ड्राइव्हवरून चालवायच्या प्रोग्रॅमला ते शोभतं. कुलपाच्या कपाटात बसणाऱ्याला नाही.

माझं म्हणणं साधं आहे. कोरा नमुना हवा तर प्रोग्रॅमजवळ ठेवा, पण पहिल्यांदा उघडताना त्याची प्रत माणसाच्या जागेत करा. माझं काम असेल तर माझ्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये. सगळ्यांनी मिळून भरायची यादी असेल तर 'प्रोग्रॅमडेटा'त, आणि तिथे लिहायची परवानगी सेटअपनेच देऊन ठेवावी. नवी आवृत्ती टाकताना असलेल्या फाइलला हात लावू नका. प्रोग्रॅम काढून टाकतानाही विचारल्याशिवाय ती पुसू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, 'तुमची यादी अमुक ठिकाणी आहे' हे पडद्यावर सरळ लिहा. स्वतःची वही कुठे आहे हे माणसाला ठाऊक नको?

असो. पुस्तकांची नावं आम्ही कपाटं उघडून पुन्हा भरली. कुणी दिलं, कुणाच्या स्मरणार्थ, हा रकाना मात्र बराचसा रिकामाच राहिला. विचारणार कुणाला?