दहा लाखांची गाडी, साठ लाखांचे पार्ट



माझा धाकटा भाऊ नऊ वर्षे आखातात राहून गेल्या वर्षी कायमचा भुसावळला परत आला. तिथे तो एका घरी ड्रायव्हर होता. उंच, चामड्याच्या सीटच्या जर्मन गाड्या त्याने नऊ वर्षे चालवल्या. साहेबांच्या मुलांना शाळेत सोडले, त्यांच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणले. परत आला तेव्हा त्याच्या खात्यात १४ लाख रुपये होते. त्यातून एक छोटे दुकान टाकायचे आणि एक गाडी घ्यायची, असा त्याचा बेत होता.

ईदनंतर एका रात्री जेवणे झाली आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आपा, ही बघ. २०१४ ची आहे. डिझेल, ऑटोमॅटिक. नवी होती तेव्हा साठ लाखांची. आता साडेदहा सांगतोय, दहाला देईल."

गाडी देखणी होती. अम्मीलाही आवडली. अब्बांचे गुडघे दुखतात, रिक्षात चढताना त्यांना त्रास होतो, त्यामुळे घरात मोठी गाडी आली तर बरेच होईल, असे तिचे म्हणणे. अब्बा मात्र फोटो बघून थोडा वेळ गप्प बसले. ते रेल्वेच्या लोको वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हिचं ओव्हरहॉलिंग कुठे करणार?"

भाऊ हसला. पण भुसावळचा माणूस हा प्रश्न विचारणारच. आपल्या गावात इंजिनांची शेड आहे, वर्कशॉप आहे. कोणते इंजिन किती दिवसांनी शेडमध्ये यायचे, त्याचे काय काय उघडून बघायचे, हे सगळे आधीच ठरलेले असते. इंजिन धावते आहे म्हणून त्याची तारीख पुढे ढकलत नाहीत.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गाड्यांतले मला फारसे कळत नाही. पण घराचा हिशेब वहीत लिहायची सवय आहे. भावाला म्हटले, "घेऊ नको असं मी म्हणत नाही. आधी हिशेब मांडू."

एवढी स्वस्त का?

साठ लाखांची गाडी दहा-बारा वर्षांत दहा लाखांवर का येते, हे आधी समजून घेतले पाहिजे. अशा गाड्यांचा पहिला मालक बहुधा वॉरंटी संपली की गाडी बदलतो. दुसरा तीन-चार वर्षे वापरतो आणि मोठा खर्च दिसू लागला की विकतो. आपल्यापर्यंत गाडी येते ती तिसऱ्या किंवा चौथ्या हाती. तोवर सस्पेन्शन, गिअरबॉक्स, टर्बो अशा महागड्या भागांचे आयुष्य संपत आलेले असते.

दुसरे कारण दिल्लीचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला. पुढे या नियमांत फेरफार होत राहिले. पण त्या धास्तीने तिथल्या कितीतरी डिझेल गाड्या कमी भावात इतर राज्यांत गेल्या.

आपल्या शेजारचे एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दीडशे जणांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता आणि देशभर त्याची बातमी झाली. एकत्र खरेदीमुळे त्यांना सवलत मिळाली, बँकेकडून कमी दराचे कर्जही मिळाले. तेव्हाच्या गाड्यांना २०२५ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी एका गाडीमागे सरासरी ४० लाखांहून जास्त पडले होते. अशी जुनी गाडी आज कोणी पाच-सहा लाखांत देऊ केली तर स्वस्त वाटेल. पण तिचा हेडलाइट मोडला तर हेडलाइट महागड्या मर्सिडीजचाच घ्यावा लागेल. गाडीचा भाव दरवर्षी उतरतो, पार्टचा भाव उतरत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

नाशिकची फेरी

गाडी नाशिकला होती. भाऊ आणि मी सकाळच्या रेल्वेने गेलो. निघण्यापूर्वी आमच्या ओळखीच्या गॅरेजमधल्या उस्तादांना विचारले होते. त्यांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बघा, इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला लावा, आणि विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये नाही, स्कॅनर असलेल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासा.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी पुढून एका बाजूला किंचित झुकलेली होती. सुरू केल्यावर मिनिटभरात सरळ झाली. भाऊ म्हणाला, एअर सस्पेन्शन आहे, असे होतेच. पण तपासणीत कळले की पुढच्या हवेच्या दोन्ही पिशव्या गळत आहेत. तपासणीचे चार हजार रुपये गेले. मिळालेला कागद मी वहीत चिकटवून ठेवला आहे:

पुढचे एअर सस्पेन्शन – १ लाख २० हजार
टायमिंग चेनचा आवाज आणि ऑइल गळती – ९० हजार
चार टायर – ८८ हजार
ब्रेक डिस्क आणि पॅड – ६० हजार
बॅटरी – २५ हजार

एकूण ३ लाख ८३ हजार. गाडीचे १० लाख धरले तर १३ लाख ८३ हजार. भावाकडे होते १४ लाख. दुकानासाठी राहिले १७ हजार.

मग वर्षाचा खर्च मांडला. विमा ४० हजार, सर्व्हिसिंग ४० हजार. महिन्याला ८०० किलोमीटर आणि लिटरला १० किलोमीटर धरले तर डिझेल वर्षाला साधारण ९० हजार. जुन्या गाडीत दरवर्षी काहीतरी निघतेच, त्यासाठी १ लाख २० हजार बाजूला. झाले २ लाख ९० हजार, म्हणजे महिन्याला २४ हजार. दुकान सुरू होण्याआधीच २४ हजारांचा खर्च दारात उभा.

परतीच्या गाडीत भाऊ बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मनमाड गेल्यावर म्हणाला, "आपा, तिथे गाडी वर्कशॉपला मीच न्यायचो. दर दोन-तीन महिन्यांनी. पण बिल कधी पाहिलंच नाही. ते सरळ साहेबांकडे जायचं."

मला त्याचा राग आला नाही. नऊ वर्षे ज्या गाडीचे दार दुसऱ्यांसाठी उघडले, त्या गाडीत आपल्या आई-वडिलांना बसवावे असे वाटण्यात दिखावाच असतो असे नाही. पण प्रेमापोटी घेतलेल्या गाडीचेही बिल येतेच. व्याज टाळायचे म्हणून आपण कर्ज काढत नाही आणि जवळची सगळी रक्कम गाडीत घालतो. मग सहा महिन्यांनी गिअरबॉक्स बिघडला की तेच व्याजाचे कर्ज काढायची वेळ येते. दारात हत्ती बांधण्याआधी त्याच्या चाऱ्याची सोय बघितली पाहिजे.

तरीही घ्यायचीच असेल तर

अशी गाडी कोणी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. ज्याचे उत्पन्न स्थिर आहे आणि ज्याचे रोजचे काम त्या गाडीवर अवलंबून नाही, त्याने नीट बघून घ्यावी. उस्तादांकडून आणि तपासणीतून जे शिकले ते देते.

जवळ जेवढी रक्कम आहे, त्यातला एक तृतीयांश भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. उरलेल्या पैशांत बसेल तीच गाडी बघा. पहिल्या वर्षी हा पैसा लागतोच.

गाडी कुठे दुरुस्त होईल ते आधी ठरवा. परदेशी महागड्या गाडीसाठी भुसावळहून बहुतेक वेळा नाशिक किंवा संभाजीनगर गाठावे लागते. बंद पडली तर टोइंगचा खर्च वेगळा. ज्या गाडीचे काम जळगावचा मिस्त्री करू शकतो आणि जिचे पार्ट सहज मिळतात, ती दोन लाखांनी महाग असली तरी शेवटी स्वस्त पडते. फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवायचे ठरवले. अशा कंपनीची मोठी गाडी स्वस्त मिळत असेल, तर पार्ट किती दिवसांत येतात हे मिस्त्रीलाच विचारा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडकवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळवावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढेच फिरणे असेल तर फिल्टर तुंबतो आणि तो बदलणे फार महाग पडते. थोड्या वापरासाठी पेट्रोल बरी. मात्र आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, म्हणून जुनी गाडी त्यासाठी चालते का हे टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. जुन्या गाड्यांमध्ये कूलंटचे प्लॅस्टिकचे भाग आणि पाइप उष्णतेने तडकतात. गाडी दुपारी, एसी लावून, अर्धा तास तरी चालवून बघा. तापमानाचा काटा हलतो का, त्याकडे लक्ष ठेवा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, असे धरून भाव करा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, मुंबईत तर पाणी साचतेच. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटखालच्या पट्ट्या आणि स्टेपनीखालची जागा गंजली आहे का तेही तपासा. मीटरवरचे किलोमीटर सर्व्हिसच्या जुन्या नोंदींशी ताडून बघा.

कागदाचे काम

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी आपली झाली, असे अनेकांना वाटते. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत काम संपत नाही. नोंदीत ज्याचे नाव आहे त्यालाच मालक धरून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विकणाऱ्यानेही नाव बदलल्याची खात्री केल्याशिवाय स्वस्थ बसू नये.

गाडीवर कर्ज होते का, फेडले असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र आहे का, हे बघा. थकलेले ई-चलान ऑनलाइन तपासा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण नाव बदलले नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो आपल्याला मिळत नाही.

गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. हा कर आपण दिलेल्या किमतीवर नसतो. गाडीची मूळ किंमत आणि वय बघून तो ठरतो. साठ लाखांचा आकडा इथेही पुढे येतो. दिल्लीची स्वस्त गाडी एमएच १९ होईपर्यंत किती महाग पडते, ते जळगावला आरटीओत विचारूनच सौदा करा.

शेवटी काय घेतले?

चार महिन्यांनी भावाने सात सीटची, इथेच बनलेली, सात वर्षांची गाडी साडेसहा लाखांत घेतली. विकणारे गृहस्थ वरणगावचे. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि गाडी दाखवण्याआधीच सांगितले की क्लच संपत आला आहे, मागचा दरवाजा एकदा ठोकलेला आहे. मिस्त्रीने तपासले तेव्हा या दोन गोष्टींपलीकडे काही निघाले नाही.

घरी हे ऐकून अब्बांनी धान्याच्या ढिगाची गोष्ट काढली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले, मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आपण ही गोष्ट घेणाऱ्याच्या बाजूने नेहमी सांगतो. पण आपली जुनी गाडी विकायची वेळ येते, तेव्हा आपण विकणारे असतो. तेव्हाही ती आठवली पाहिजे.

क्लचला १८ हजार लागले. भावाचे दुकान सुरू झाले आहे आणि दुरुस्तीसाठी दीड लाख वेगळे ठेवले आहेत. गेल्या महिन्यात अब्बांना गुडघे दाखवायला नाशिकला नेले. ते पुढच्या सीटवर बसले होते आणि अजिंठा एक्स्प्रेसच्या थाटात दर अर्ध्या तासाने तापमानाचा काटा बघत होते. भाऊ अजूनही रात्री मोबाइलवर त्या मोठ्या गाड्यांचे फोटो बघतो. मी काही बोलत नाही. एक दिवस तो घेईलही, इन्शाअल्लाह. वही तेव्हाही माझ्याकडेच असेल.