कुंपणावर मोजला जाणारा आवाज

शाळांना उन्हाळी सुटी लागली की मनोरंजन उद्यानांकडे जाणाऱ्या बसगाड्या भरून वाहू लागतात. मुंबई-पुण्याच्या परिसरात खोपोलीजवळचे इमॅजिका, गोराईचे वॉटर किंगडम आणि महामार्गांच्या कडेने उभी राहिलेली लहानमोठी जलक्रीडा उद्याने ही आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुटीची ठरलेली ठिकाणे झाली आहेत. पाळण्याचा पट्टा नीट बसतो का, पाणी स्वच्छ आहे का, खाणे ताजे आहे का, याची चौकशी पालक आवर्जून करतात. तेथे आवाज किती असतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच, तर त्याचे नेमके उत्तर मिळण्याची शक्यताही कमीच. कारण उद्यानाच्या आतल्या पाहुण्याच्या कानापर्यंत किती आवाज पोहोचतो, हा प्रश्न आपल्या ध्वनिविषयक नियमांनी मुळात विचारातच घेतलेला नाही.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० पासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० अशी त्यांची चौकट आहे. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो उघड्यावर वाजवता येत नाही. गणेशोत्सवातील डीजेमुळे हे आकडे मराठी वाचकांना एव्हाना तोंडपाठ झाले आहेत. त्याच नियमांतील एका तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये, असे नियम सांगतात. पण तो मोजायचा कोठे? तर त्या जागेच्या हद्दीवर. म्हणजे कुंपणाशी. कुंपणाच्या आत, ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या कानाशी किती डेसिबल आहेत, याच्याशी या नियमाला कर्तव्य नाही.

यात नियमकर्त्यांची चूक काढण्यासारखे फार काही नाही. ध्वनिप्रदूषणाचा कायदा जगभर प्रामुख्याने शेजाऱ्याच्या तक्रारीतून वाढला आहे. ब्रिटनमधील ऑल्टन टॉवर्स या प्रसिद्ध उद्यानाचे उदाहरण बोलके आहे. तेथील राइड्स आणि आतषबाजीच्या आवाजाने त्रस्त झालेल्या शेजारच्या एका दांपत्याने न्यायालयात धाव घेतली आणि २००४ मध्ये न्यायालयाने उद्यानाला दोषी धरून दंड ठोठावला. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयापर्यंत गेले. त्याची चर्चाही बरीच झाली; पण ती होती घरात बसलेल्यांच्या शांततेची. दूरवरच्या घराला ज्या आवाजाचा त्रास होतो, तोच आवाज आत उभ्या असलेल्यांना किती पटीने सोसावा लागत असेल, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

कायद्याला दुसरा कान दिसतो तो कामगाराचा. ब्रिटनच्या २००५ च्या कामावरील ध्वनिनियंत्रण नियमांनुसार सरासरी ८० डेसिबलपासून मालकाची जबाबदारी सुरू होते आणि कानावर प्रत्यक्ष पडणारा आवाज ८७ च्या वर जाऊ द्यायचा नसतो. संगीत व मनोरंजन क्षेत्राला हे नियम २००८ पासून लागू झाले. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने कायद्यात आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाची गणना कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत होती. गिरणीतल्या सांचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाशी घरच्यांना मोठ्यानेच बोलावे लागे, हे लालबाग-परळमध्ये कोणाला सांगावे लागत नव्हते. परंतु सांचेखाते आणि रेन डान्सचा मांडव यांत कानाच्या दृष्टीने फरक नाही, हे अजून आपल्या पचनी पडलेले नाही. एकाच राइडपाशी दिवसाचे आठ-नऊ तास उभा राहणारा, बहुधा कंत्राटी असलेला तरुण कर्मचारी हा या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत जास्त आवाज सोसणारा माणूस आहे. पाहुणा संध्याकाळी घरी जातो. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच उभा असतो.

शेजारी आणि कामगार या दोघांच्या मधोमध तिकीट काढून आलेला पाहुणा सुटून जातो. तो स्वखुशीने आला आहे, गोंगाट हाच तर मजेचा भाग, असा युक्तिवाद यावर केला जातो. मोठ्या माणसांपुरता तो मान्यही करता येईल. पण मुलांना ही निवड करता येत नाही आणि शालेय सहलीतल्या मुलांना तर मुळीच नाही.

आता, या गोंगाटात धोका नेमका कोठे आहे, हे पाहायला हवे. सर्वसाधारण समज असा की, रोलर कोस्टर सर्वांत घातक. रुळांवरची चाके, चढावर साखळीचा खडखडाट आणि शेजारच्या सीटवरची किंकाळी यांमुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कानाचे नुकसान आवाजाची तीव्रता आणि त्याचा कालावधी या दोहोंच्या गुणाकारावर ठरते. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, ८८ चा चार तास, ९४ चा एक तास आणि १०० चा केवळ पंधरा मिनिटे. कोस्टरची फेरी दोन-तीन मिनिटांत आटोपते. दिवसातून दोनदा बसले तरी त्या हिशेबात फार भर पडत नाही. खरा वाटा असतो तो न थांबणाऱ्या आवाजाचा: रांगेच्या डोक्यावर टांगलेल्या ध्वनिक्षेपकाचा, बंदिस्त व्हिडिओ गेम दालनाचा, लाटांच्या तलावाकाठच्या डीजेचा आणि अर्थातच रेन डान्सचा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने वैयक्तिक श्रवणयंत्रणांसाठी, म्हणजे हेडफोनवरून ऐकण्यासाठी, जे मानक ठरवले आहे, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास ही मात्रा सुरक्षित मानली आहे. हाच हिशेब पुढे नेला तर ८५ डेसिबलला मुलाची आठवड्याची शिधापत्रिका चार तासांत संपते आणि ९५ डेसिबलला अवघ्या चोवीस मिनिटांत. रेन डान्सच्या मांडवात मुले चोवीस मिनिटांनी बाहेर येतात काय, याचे उत्तर कोणत्याही पालकाने द्यावे. त्यातही नाचताना ती हमखास ध्वनिक्षेपकाच्या जवळ जातात. वर पत्रा आणि बाजूला भिंत असेल तर आवाज परतून पुन्हा अंगावर येतो.

आतषबाजीचे गणित वेगळे. तेथे कालावधी नव्हे, तर क्षणिक धक्का महत्त्वाचा. आपल्या नियमांनुसार फटाक्याचा आवाज फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत चालतो. मुलांच्या कानांवर १२० डेसिबलहून मोठा स्फोटक आवाज पडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे. मोजण्याच्या पद्धती भिन्न असल्याने दोन आकडे सरळ ताडून पाहता येत नाहीत. तरी मुलाला खांद्यावर घेऊन पुढच्या रांगेत उभे राहण्यात शहाणपण नाही, एवढे त्यावरून कळते.

गावोगावच्या जत्रा तर या चर्चेत कधी येतच नाहीत. आकाशपाळण्याशेजारी धडधडणारा जनरेटर, प्रत्येक तंबूचा स्वतंत्र भोंगा आणि मौत का कुआँच्या लाकडी विहिरीत सायलेन्सर काढून फिरणाऱ्या मोटरसायकली. प्रेक्षक त्या विहिरीच्या काठावरच ओणवे होऊन उभे असतात. उद्यानाकडे निदान एक मालक आणि एक कार्यालय असते. जत्रेत तेही नाही.

कानाच्या आतील शंखाकृती भागात जन्मतः सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटातून बाहेर पडल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, शिटी वाजत राहते आणि सकाळपर्यंत सारे पूर्ववत होते. त्यामुळे नुकसान झाले नाही, असे आजवर मानले जाई. २००९ मध्ये शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून या समजुतीला धक्का दिला. ऐकण्याची क्षमता वरकरणी परत आली, तरी केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातील जोडण्या कायमच्या तुटलेल्या आढळल्या. आवाजाने येणारा बहिरेपणा प्रथम वरच्या पट्टीला ग्रासतो. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या अशा मुलाला आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो.

फ्रान्सने या बाबतीत कायदा केला आहे, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे. तेथील २०१७ च्या आदेशानुसार मोठ्या आवाजात संगीत वाजवणाऱ्या सार्वजनिक जागी पंधरा मिनिटांची सरासरी १०२ डेसिबलच्या वर जाता कामा नये आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात ९४ च्या वर नाही. कानात घालायचे बोळे मोफत देणे आणि विसाव्याची शांत जागा किंवा वेळ ठेवणे, हेही त्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनस्थळांसाठी काढलेले मानक १०० डेसिबलची सरासरी सांगते. ते ऐच्छिक आहे आणि खरे तर मुलांच्या दृष्टीने उदारच आहे. तरीही त्यातील एक कलम आपल्याकडे सहज उचलता येईल: आवाज श्रोत्यांच्या जागी सतत मोजावा आणि नोंदवावा. ध्वनिक्षेपकाची परवानगी देणारे अधिकारी हद्दीवरील मर्यादेसोबत आतली मर्यादाही परवान्यात लिहू शकतील का, हे तपासून पाहायला हरकत नाही.

हे उद्यानांना अशक्य आहे असेही नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या तेव्हा परदेशातील काही कोस्टरच्या रुळांच्या पोकळीत वाळू किंवा बारीक खडी भरून घरघर दाबण्यात आली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या सेसमी प्लेस या उद्यानाने २०१८ मध्ये स्वमग्न मुलांसाठी शांत खोल्या आणि आवाज रोखणारे हेडफोन उपलब्ध केले. आपल्याकडे ध्वनिक्षेपकाची तोंडे रांगेपासून फिरवली आणि रेन डान्समध्ये दर अर्ध्या तासाला दहा मिनिटे संगीत बंद ठेवले, तरी बराच फरक पडेल. त्याला खर्चही नाही.

तोवर पालकांच्या हाती काही गोष्टी उरतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या पातळीवर आहे, असे समजावे. मोकळ्या जागी ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले की सुमारे सहा डेसिबल कमी होतात, हा सर्वांत स्वस्त उपाय. कापसाचे बोळे जवळजवळ निरुपयोगी. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग चांगले. पण ते बोटांनी वळून बारीक करून, कान वर ओढून आत सारावे लागतात आणि फुगेपर्यंत धरून ठेवावे लागतात. लहान मुलांना ते देऊ नयेत, तोंडात घालण्याची भीती असते. त्यांच्यासाठी कानांवर बसणारे इअरमफ योग्य. मात्र वेगवान राइडवर ते उडून जाऊन इतरांना लागू शकतात, म्हणून तेथे उतरवावेत. पाण्यात पोहण्याचे बोळे वापरावेत. तेही थोडाफार आवाज अडवतात.

घरी परतल्यावर कानातली शिटी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ साचला असेल म्हणून तेल टाकून वाट पाहू नये. त्यावरील उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.