नकारानंतरचे वर्ष

पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज नामंजूर झाला की आपल्या घरांतून पहिला उद्गार निघतो तो ‘वर्ष फुकट गेले’ हाच. मुलगा असेल तर मिळेल ती नोकरी धरण्याचा आग्रह होतो. मुलगी असेल तर स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. पेडणे-डिचोलीच्या खेड्यांत, जेथे अर्जदार हाच पुष्कळदा घरातील पहिला पदवीधर असतो, तेथे हा दबाव अधिकच. त्यातूनही धीर धरून कोणी पुढील वर्षी पुन्हा अर्ज करतो. पण कागद तेच, बदललेली असते ती केवळ तारीख!

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक पर्व आठवते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते 1916 साली दाखल झाले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. त्यांना प्रवेश नाकारला गेला नव्हता हे खरे, तथापि परत जाण्याची वाट काही कमी बिकट नव्हती. मधल्या काळात त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला, सिडनहॅम कॉलेजात अध्यापन केले, पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधही परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. तो त्यांनी पुन्हा लिहून काढला आणि 1923 मध्ये डी.एस्‌सी. संपादन केली.

पुन्हा अर्ज करणाऱ्याने आधी नकाराचे कारण शोधले पाहिजे. विद्यापीठे ते बहुधा कळवीत नाहीत. अर्जाचे शुल्क घेणाऱ्यांनी दोन ओळींचे उत्तरही देऊ नये, ही रीत आम्हांला मुळीच मान्य नाही. असो. पदवीचे गुण आता बदलणार नाहीत. प्रवेश परीक्षा फार तर पुन्हा देता येईल. अर्जाला खरे वजन येते ते स्वतः केलेल्या कामाने, आणि त्यासाठी दूर जावे लागते असे नाही. डिचोलीच्या खाणी 2012 मध्ये व पुन्हा 2018 मध्ये बंद पडल्या. तेव्हा ज्यांचे ट्रक अंगणात उभे राहिले, अशा वीस घरांचा जमाखर्च अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवून काढला, तर ते काम कोणतेही विद्यापीठ लक्षपूर्वक पाहील. इतिहासाच्या विद्यार्थिनीने मोडी शिकून पणजीच्या पुराभिलेखागारातील गावकारीची दप्तरे वाचावीत. दलालाकडून पैसे मोजून लिहविलेल्या हेतुपत्रात हे कोठून येणार? शिफारसपत्राचेही तसेच. ‘विद्यार्थी हुशार, सुशील व आज्ञाधारक आहे’ ही पत्रे कोणाच्याही नावे खपतात. वर्षभर काम तपासणारा प्राध्यापक मात्र दोन नेमक्या गोष्टी लिहू शकतो.

बार्देश, पेडणे व डिचोली येथील महाविद्यालयांनी अशा माजी विद्यार्थ्यांसाठी निदान एक वर्ष ग्रंथालयाचे दार उघडे ठेवावे, आणि प्राध्यापकांनी आठवड्यातील एक तास त्यांना द्यावा. पालकांनीही तेवढे वर्ष स्थळांची चौकशी थांबवावी.